गाण्याचे पैलतीर

गाण्याला सीमा नसते, हे वाक्य आपल्याकडे संगीतसभेच्या प्रास्ताविकात एकदा तरी येतेच. ऐकायला ते गोड आहे, पण सीमाभागात वाढलेल्या माणसाला ते पुरते पटत नाही. गाण्याला सीमा असतात. मात्र त्या नकाशावरच्या रेघांशी जुळत नाहीत. एखादे गाणे सात समुद्र ओलांडून जाते आणि शेजारच्या गल्लीत अडते. एकच गायक एका देशात लोकांच्या गळ्यातला ताईत होतो आणि दुसऱ्या देशात त्याला कुणी विचारत नाही. असे का व्हावे? आणि जिथे त्याला कुणी विचारले नाही तिथे उणेपणा कुणाचा मानायचा, गाणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा? पहिला प्रश्न व्यापाराचा वाटतो, दुसरा नीतीचा आहे. माझ्या मते या दोहोंची फारकत करता येत नाही.

सिक्स्तो रॉड्रिग्ज या अमेरिकन गायकाची कथा या संदर्भात विचार करायला लावणारी आहे. डेट्रॉइटमधल्या मेक्सिकन वंशाच्या या माणसाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये निघाली, दुसरी १९७१ मध्ये. अमेरिकेत त्या जवळजवळ खपल्याच नाहीत. तो घरे पाडण्याच्या, दुरुस्तीच्या कामावर मजुरी करू लागला. इकडे दक्षिण आफ्रिकेत मात्र वर्णद्वेषी राजवटीतल्या गोऱ्या तरुणांमध्ये त्याच मुद्रिका हातोहात फिरत होत्या. गायकाला याचा पत्ता नव्हता आणि चाहते तो मेला असे समजून चालले होते. १९९८ मध्ये तो तिथे गेला तेव्हा मोठमोठी सभागृहे भरली. त्याच्यावरच्या माहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळाले आणि मग अमेरिकेलाही त्याची आठवण झाली. २०२३ मध्ये तो वारला. उलट बाजूला रॉबी विल्यम्स हा इंग्रज गायक पाहा. २००३ मध्ये नेबवर्थ येथे त्याच्या तीन रात्रींना पावणेचार लाख माणसे लोटली. पण भाषा तीच असूनही अमेरिकेने त्याला कधी तसे जवळ केले नाही.

व्यापारी मंडळी याची कारणे चटकन सांगतात. जाहिरात कमी पडली, वितरक चुकीचा निवडला, नभोवाणीने साथ दिली नाही. ही कारणे खोटी नाहीत. परंतु गाणे दारापर्यंत कसे पोचले किंवा पोचले नाही, एवढेच ती सांगतात. दार आतून कुणी उघडले आणि का उघडले, हे त्यांतून कळत नाही. रॉड्रिग्जच्या बाबतीत तर दक्षिण आफ्रिकेत कुणी त्याची जाहिरात घेऊन गेलेच नव्हते.

मी हे लिहितो आहे ते भोपाळच्या गोविंदपुऱ्यातून. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, तोच कारखाना पुढे भेलचा भाग झाला. त्याच्याभोवती गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तिथे राहायला आली. क्वार्टरांच्या एकाच रांगेत मल्याळी, बंगाली, तेलुगू आणि मराठी बिऱ्हाडे. गाणे कुठवर जाते हे पाहायला याहून चांगली जागा नाही. गणपतीच्या मंडपात कुणी नाट्यगीत म्हणू लागले की आमची वडीलधारी मंडळी माना डोलावतात. शेजारचे बंगाली गृहस्थ सौजन्याने बसून राहतात आणि राग ओळखीचा निघाला तर मध्येच खुलतात. अभंग सुरू झाला की विठ्ठलाच्या नावावर कानडी आणि तेलुगू शेजारी टाळ्यांचा ठेका धरतात. आणि ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ लागले की भाषेचा प्रश्नच उरत नाही, लहानथोर सगळे उठतात. २०१६ च्या त्या मराठी चित्रपटाची पुढे कानडी आणि हिंदी आवृत्तीही निघाली.

यातून एक गोष्ट दिसते. गाणे परमुलखात जाते तेव्हा सगळेच्या सगळे जात नाही. ठेका हा सर्वांत हलका प्रवासी, त्याच्याजवळ सामानच नसते. सूर त्याच्या मागून चालतो. शब्दांचे गाठोडे सर्वांत जड, ते बहुधा वेशीवरच उतरवून ठेवावे लागते. ज्याचा जीव शब्दांत आहे त्याला पलीकडचे यश कठीण. दादा कोंडके यांच्या मराठी चित्रपटांनी रौप्यमहोत्सवांचा विक्रम केला; १९८४ पासून त्यांनी हिंदीतही चित्रपट काढले, पण मराठीतले त्यांचे स्थान हिंदीत निर्माण झाले नाही. द्व्यर्थी बोलाची गंमत ऐकणाऱ्याच्या बालपणीच्या भाषेत मुरलेली असते. ती फोड करून सांगितली की नासते.

पण एवढ्याने उलगडा होत नाही. रॉड्रिग्जचे तर शब्दच पलीकडे पोचले होते. बंडखोर गाणी म्हणणारे अमेरिकेत त्या काळी पुष्कळ होते, त्याच्या एका आवाजाची तिथे गरज भासली नाही. जिथे बोलण्यावर पहारा होता, तिथे तेच शब्द खिडकीसारखे उघडले. म्हणजे गाण्याचे यश अर्धे गाण्यात असते आणि अर्धे ऐकणाऱ्याच्या भुकेत. ही भूक कुठल्या गावी जागी आहे, हे गाणाऱ्याला आधी कळत नाही.

बालगंधर्वांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. मराठी रंगभूमीवर त्यांनी जे राज्य केले तसे क्वचितच कुणी केले असेल. १९३५ मध्ये ते प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत उतरले. गळा तोच, प्रेक्षकही बव्हंशी तेच. तरी रंगभूमीवरची ती मोहिनी पडद्यावर उतरली नाही. प्रेक्षकांच्या वन्समोअरवर फुलणाऱ्या गाण्याला कॅमेऱ्यासमोर तो प्रतिसाद कुठून मिळायचा? परदेश हा नेहमी सीमेपलीकडेच असतो असे नाही. कधी कधी तो आपल्याच गावातल्या चित्रपटगृहात असतो.

मग पलीकडे रुजतात ते कोण? बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये शिवपुत्र कोमकाळीमठ नावाचा कानडी मुलगा जन्मला. पुढे मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे तो शिकला आणि क्षयाने ग्रासल्यावर १९४८ मध्ये हवापालटासाठी माळव्यात देवासला आला. हेच आपले कुमार गंधर्व. आजारात गाणे बंद होते, पण कान उघडे होते. बायकांच्या माळवी गीतांत, नाथपंथी जोग्यांच्या निर्गुणी भजनांत त्यांनी जे ऐकले ते पुढे त्यांच्या गाण्यात आले. १९९२ मध्ये देवासलाच त्यांचा देह पडला. आज मध्य प्रदेश शासन त्यांच्या नावाने सन्मान देते आणि भोपाळचा रसिक त्यांना बाहेरचा मानत नाही. ते या प्रांतात मान्यता मागायला आले नव्हते. आधी त्यांनी या प्रांताचे ऐकले. गदगच्या भीमसेन जोशींनी मराठी अभंग घरोघरी नेला, त्यामागेही हेच आहे. पुरंदरदासांचा विठ्ठल आणि तुकोबांचा विठ्ठल एकच आहे, हे त्यांच्या गळ्याला ठाऊक होते.

यावर कुणी म्हणेल, मग प्रत्येक कलावंताने परमुलखासाठी स्वतःला बदलत राहायचे काय? मुळीच नाही. दुसऱ्याचे ऐकून आपले गाणे समृद्ध होणे वेगळे आणि दुसऱ्याला रुचावे म्हणून आपलेच गाणे पातळ करणे वेगळे. पहिल्यात ओढ असते, दुसऱ्यात हिशेब असतो, आणि लोकांना हा फरक उशिरा का होईना कळतो. पलीकडची टाळी हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे आणि तिथले मौन हा निकालही नव्हे. ‘संत तुकाराम’ चित्रपटाला १९३७ मध्ये व्हेनिसमध्ये गौरव मिळाला, याचा आपण अजून अभिमान सांगतो आणि तो सांगावाच. पण १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रलमध्ये लागलेला तो चित्रपट मराठी माणसाने व्हेनिसची वाट न पाहता डोक्यावर घेतला होता. पागनिसांच्या तुकोबांना नमस्कार करताना त्याला परदेशी शिक्क्याची गरज भासली नाही. ती हिंमत आज आपल्यात किती उरली आहे?

कुठे रुजावे हे गाणाऱ्याच्या हाती फारसे नसते, पण कान उघडे ठेवणे ऐकणाऱ्याच्या हाती असते. सीमाभागात भाषेच्या वादाने गाण्यालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. कानडी पद मनापासून ऐकले म्हणजे मराठीवरचा हक्क सुटतो, अशी भीती काहींना वाटते. तिकडच्यांनाही तशीच वाटत असेल. मागणी तिच्या जागी न्याय्य असू शकते. पण मागणीसाठी कान गहाण ठेवले तर सुळेभावीचा मुलगा आपला की त्यांचा, एवढाच वाद घालण्यापुरते आपण उरतो. त्याचे गाणे मग देवासनेच ऐकायचे.

गोविंदपुऱ्यात हा प्रश्न आता घराच्या उंबऱ्याच्या आत आला आहे. इथल्या मराठी कुटुंबांची तिसरी पिढी हिंदीत भांडते, हिंदीत स्वप्ने पाहते. आजोबांच्या ओव्या आणि भावगीते तिच्यासाठी परदेशीच आहेत. ‘झिंगाट’वर नातू नाचतो म्हणून आपण समाधान मानून घेतो, पण ठेका पोचला म्हणजे भाषा पोचली असे होत नाही. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्याची परीक्षा घेऊन तर नाहीच. तो जे ऐकतो ते आधी आपण त्याच्या शेजारी बसून ऐकावे लागेल आणि मग आपल्या गाण्यातला एखादा शब्द उकलून त्याच्यापुढे ठेवावा लागेल. त्याला तो रुचेल याची हमी नाही. पण एवढे कष्ट न घेता आपले गाणे जगभर का पोचत नाही, असे विचारायचा अधिकार आपल्याला कुठून येणार?