निरोप कुणासाठी?

1966 साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या एक 68 वर्षांच्या नर्स मुंबईच्या विक्रोळीत येऊन राहिल्या. लिलियन कार्टर त्यांचे नाव. 1961 मध्ये सुरू झालेल्या 'पीस कोअर'च्या त्या स्वयंसेविका. (त्यांचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, ही नंतरची गोष्ट.) गोदरेज कॉलनीतल्या कामगार कुटुंबांत त्यांनी जवळजवळ दोन वर्षे काम केले आणि 1968 मध्ये त्या परत गेल्या. जाणारच होत्या. परदेशी जाऊन सेवा करणाऱ्याची मुदत आधीच ठरलेली असते. तो आपल्या मर्जीने येतो आणि मुदत संपली की जातो. ज्यांच्यात तो राहतो त्यांना मात्र त्याला थांबवण्याचा अधिकार नसतो.

मग शेवटचे दिवस येतात. हार, जेवणे, फोटो, मुलांची गाणी. भाषणे होतात ती सगळी आभाराची. गाव त्याचे आभार मानते, तो गावाचे मानतो. म्हणतो, दिले त्यापेक्षा अधिक घेऊन चाललो. ते खरेही असते. पण आम्हाला प्रश्न पडतो, हा निरोप कुणासाठी? जाणाऱ्याचे मन हलके व्हावे म्हणून, की मागे राहणाऱ्यासाठी?

आपल्याकडे हजला निघालेला माणूस घरोघर जातो. 'कहा-सुना माफ करना' म्हणतो. कुणाचे देणे असेल तर फेडतो. वर्षानुवर्षे न बोललेल्या भावाच्या दारातही उभा राहतो, आणि तिथेच त्याची खरी परीक्षा होते. परदेशी सेवकाच्या निरोपसमारंभात नेमके हेच राहून जाते. अर्धवट राहिलेले काम, एखाद्या मुलाला लावलेली आशा, रागाच्या भरात गेलेला शब्द, यांचा हिशेब हारतुऱ्यांत कुठे होतो? उलट एक वचन मात्र सहज दिले जाते, 'मी परत येईन.' आम्ही अशा वेळी 'इन्शाअल्लाह' म्हणतो. पण खरे सांगायचे तर 'नाही' म्हणण्याची लाज वाटते म्हणूनही आम्ही तो पाक शब्द पुष्कळदा वापरतो.

लिलियनबाई परत आल्या खऱ्या. फेब्रुवारी 1977 मध्ये राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचा इंतकाल झाला, तेव्हा अंत्यविधीसाठी अमेरिकेचे शिष्टमंडळ घेऊन त्या आल्या आणि त्याच दौऱ्यात विक्रोळीलाही गेल्या. पण राष्ट्राध्यक्षाच्या आईला जे जमले ते साध्या स्वयंसेवकाला कसे जमावे? त्याने वचन न देणेच बरे.

मार्च 2020 मध्ये तर निरोपाचीही सवड राहिली नाही. कोरोनामुळे पीस कोअरने साठाहून अधिक देशांतले जवळजवळ सात हजार स्वयंसेवक एकदम माघारी बोलावले. असे त्या संस्थेच्या इतिहासात प्रथमच घडले. कित्येकांनी घाईघाईत बॅग भरली आणि गाव सोडले. शाळेत शिकवणाऱ्यांचे वर्ग तसेच मागे राहिले. दोष कुणाचाच नव्हता. पण न सांगता गेलेल्या माणसाबद्दल मागे राहिलेला काय समजत असेल?

हे आम्हाला एका आईने शिकवले. सहा वर्षांपूर्वी आमची बदली झाली. तिसरीचा वर्ग होता. रडारड नको म्हणून शनिवारी नेहमीसारखी शाळा सुटू दिली, कुणाला काही बोललो नाही, आणि सोमवारी नव्या गावी हजर झालो. आपण मुलांवर दयाच केली असे वाटत होते. काही महिन्यांनी एस.टी. स्टँडवर एका विद्यार्थ्याची आई भेटली. तक्रारीचा सूरही नव्हता तिचा. म्हणाली, "सर, तुम गए तो बच्चा समझा, उसीसे कुछ गलती हुई." आदल्या आठवड्यात गृहपाठ केला नाही म्हणून आम्ही त्याला रागावलो होतो. आम्ही ते विसरलो होतो.

सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्याला निदान विमानाची सबब असते. आमचे नवे गाव चाळीस किलोमीटरवर होते.

बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही बी.एड.ला चांगल्या गुणांनी पास झालो होतो, हेही इथे कबूल करून टाकतो.

तो मुलगा आता नववीत आहे. या उन्हाळी सुट्टीत त्याच्या घरी जायचे ठरवले आहे. आज त्याच्यासमोर माफी मागायची, तर त्याला ती गोष्ट आठवत असेल की नाही, कोण जाणे. आईला नक्की आठवत असेल.