कुठे ठेवायचं त्याला?

धाकट्या भावाचे उपचारांचे ३५ दिवस संपत आले, तेव्हा आईने विचारलं, "आता त्याला कुठे ठेवायचं?" त्या क्रियापदात कुणालाच काही खटकलं नाही. आपण डबे ठेवतो, दागिने गहाण ठेवतो, पैसे मुदतठेवीत ठेवतो. माणूस राहतो. पण घरात दारू शिरली की राहणारा माणूस ठेवायच्या वस्तूंत कधी जमा होतो, ते घरच्यांनाही कळत नाही. आम्ही थकलो होतो. आईला रात्रीची सलग झोप हवी होती. दाराची बेल वाजली तरी छातीत धडधडू नये, एवढंच भावजयीचं मागणं होतं. खोटं कशाला बोलू, उपचारांनंतर त्याने राहायचं ते घर आम्ही त्याच्यापेक्षा आमच्यासाठीच शोधत होतो.

शोध कर्जत-खालापूरकडे वळला. मुंबई-ठाण्याच्या माणसाला शांत जागा म्हटलं की भोर घाटाच्या पायथ्याचा हा पट्टा आठवतो. कशेळे, कडाव, चौक, खोपोली असं फिरलं की फार्महाऊसच्या पाट्या संपत नाहीत. शनिवार-रविवारी याच रस्त्यांवरून बाटल्या भरलेल्या गाड्या येतात, आणि त्यांच्या शेजारच्या बंगल्यात दारू सोडू पाहणारी माणसं राहतात. जागा निवडताना हेही लक्षात घ्यावं लागतं.

खालापूर तालुक्यातली पहिली जागा मला आजही दिसते. बंगल्याला रंग नवा, अंगण झाडलेलं. दाराला बाहेरून कुलूप. चपला एका गोणीत भरून कार्यालयात ठेवलेल्या, म्हणजे कुणी पळू नये. व्यवस्थापक म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका ताई, आमची पोरं गाडी घेऊन येतात आणि उचलून आणतात." पहिले तीन महिने फोन नाही, भेट नाही. निघताना खिडकीच्या ग्रिलमागून एका माणसाने हळूच विचारलं, "ताई, आज वार कोणता?" मी म्हटलं, गुरुवार. त्याने मान हलवली आणि तो शब्द दोनदा पुटपुटला. परतीच्या लोकलमध्ये मी तो गुरुवार बरोबर घेऊन आले.

घरी आल्यावर कायदा वाचायला घेतला, आणि तो आधी वाचला नाही याची लाज वाटली. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा, २०१८ पासून लागू. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती त्याच्या व्याख्येतच येतात. अशा लोकांना दाखल करून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. साखळदंड कुठल्याही स्वरूपात चालत नाही, एकट्याला कोंडणं चालत नाही, सक्तीने डोकं भादरणं चालत नाही. फोन करण्याचा, भेटायला आलेल्याला भेटण्याचा हक्क आहे. सक्तीने काम करून घेता येत नाही आणि काम केलं तर मोबदला मिळायला हवा. घरच्यांच्या संमतीवर माणूस वाटेल तितके महिने आत राहू शकतो, हा आपला समज कायद्याला मान्य नाही. ३० दिवसांपुढे सक्तीने ठेवायचं, तर पुन्हा तपासणी आणि पुनर्विलोकन मंडळाची मान्यता लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, तेही बघून ठेवावं.

उपचार केंद्र वेगळं आणि उपचारांनंतरचं घर, म्हणजे सोबर होम, वेगळं, हा फरक आपल्याकडे पाट्यांवरही सांभाळला जात नाही. कालपर्यंत पिणाऱ्या माणसाला थेट अशा घरात नेऊ नये. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर हवा. मराठी घरांना व्यसनमुक्ती म्हटलं की १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने पुण्यात उभं केलेलं मुक्तांगण आठवतं. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. तिथल्यासारख्या उपचारांतून माणूस बाहेर पडतो, तेव्हा दारू शरीरातून गेलेली असते. संध्याकाळचे सात वाजल्यावर काय करायचं, ते मात्र त्याला शिकायचं असतं. सोबर होम असतं ते या सात वाजण्यासाठी.

अमेरिकेत सिल्व्हर स्प्रिंग गावी १९७५मध्ये 'ऑक्सफर्ड हाऊस' नावाचं असंच एक घर सुरू झालं. दारू सोडलेल्यांनी मिळून बंगला भाड्याने घ्यायचा, भाडं वाटून भरायचं, प्रत्येकाला एक मत, वर व्यवस्थापक कुणी नाही, आणि जो प्याला त्याने घर सोडायचं. संशोधक लिओनार्ड जेसन यांनी इलिनॉयमध्ये उपचार संपवलेल्या १५० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. निम्मे अशा घरांत गेले, निम्मे नेहमीच्या वाटेने. दोन वर्षांनी नेहमीच्या वाटेच्या गटात सुमारे ६५ टक्के लोक व्यसनाकडे वळलेले होते, घरांत गेलेल्यांपैकी ३१ टक्के. त्या घरांना पहारा नव्हता. भाडं भरायची तारीख होती.

कर्जतलाच वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था आहे. तिचं काम वेगळं, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांचं. २०१८ साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे लोक रुग्णाला बरं करतात, त्याचं गाव शोधतात आणि त्याला तिथे नेऊन पोचवतात. या तालुक्याच्या या नावाजलेल्या संस्थेची ओळख तिने घरी पोचवलेल्या माणसांमुळे आहे. मग मी प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारू लागले: तुमच्याकडून गेलेले लोक आता कुठे आहेत, आणि त्यांतले किती जण सहज म्हणून भेटायला येतात? काही ठिकाणी उत्तर आलं, "ताई, प्रायव्हसी असते." एके ठिकाणी मात्र प्रश्न विचारत होते तेव्हाच एक माजी रहिवासी पेढे घेऊन दारात उभा होता. त्याचा तिसरा सोबर बर्थडे होता, म्हणजे दारू सोडल्याला तीन वर्षं झाली होती.

ती जागा कर्जत स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. नदी नाही, डोंगराचा देखावा नाही, खाली किराण्याचं दुकान. आईचा चेहरा पडला. पण माझं मत तिथेच पक्कं झालं. कर्जतचा मोठा गुण तिथली हवा नसून तिथली लोकल आहे. कामावर जाऊन रात्री परत येता येतं, खोपोलीच्या कारखान्यात नोकरी धरता येते, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जाता येतं. अंधार पडल्यावर रिक्षा मिळत नाही अशा आडवळणी बंगल्यात माणूस दारूपासून लांब राहतो खरा, पण माझ्या भावाला शेवटी डोंबिवलीत, आपल्या घरी राहायचं आहे. तिथे स्टेशनबाहेरचं वाइन शॉप रोज त्याच्या वाटेत आहे.

स्वयंपाकघरात गॅसच्या वर खिळ्याला एक वही लटकलेली होती. कांदे, दूध, सिलिंडर, आणि पुढे आणणाऱ्याचं नाव. हिशेब रुपयापर्यंत जुळवलेला. एका ओळीत ४० रुपये कमी पडत होते, आणि खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'चहा प्यायलो, सांगायचं राहिलं.' भाऊ या खेपेलाही बरोबर होता. त्याने ती वही काढून पानं उलटली आणि बराच वेळ वाचली. याआधीच्या कुठल्याही जागी त्याने कशालाही हात लावला नव्हता. किल्ली दाराच्या आतल्या बाजूला टांगलेली होती, तीही त्याने पाहिली.

मी शेवटचा अवघड प्रश्न विचारला. "कुणी प्यायला तर?" घर चालवणारे गृहस्थ स्वतः बारा वर्षं सोबर. ते म्हणाले, "इथे राहता येत नाही. पण रात्री रस्त्यावर काढत नाही. डॉक्टरकडे नेतो, घरी फोन करतो, सकाळी ठरवतो." हे उत्तर नसेल तर ते घर घेऊ नये. गर्द सोडलेल्या माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही. काही आठवडे बंद असलं की शरीराची सवय मोडते आणि पूर्वीच्याच मात्रेने माणूस मरू शकतो. शिक्षा म्हणून त्याला हायवेवर सोडून देणं म्हणजे काय, ते यावरून समजावं.

पैशांबद्दल बोलणं झालं, लेखी नियम घेतले. मग मी भावाला विचारलं, "राहशील?" आई माझ्याकडे बघत राहिली. हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. तो म्हणाला, "दोन महिने बघतो."

त्याला तिथे आता सातवा महिना आहे. मधे एकदा स्लिप झाली, तो प्याला, डॉक्टर झाले, घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवलं आणि त्याला परत घेतलं. भावजय महिन्यातून एकदा कर्जतला जाते. बाकी रविवारी ती व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या मीटिंगला जाते, स्वतःसाठी. परवा संध्याकाळी मी त्याला फोन केला. बोलायला मला खूप होतं. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"ताई, भाताची पाळी माझी आहे," तो म्हणाला, "जेवून फोन करतो."