नागसेनवनातला रथ

अण्णांच्या १९७७च्या येझदीचं इंजिन उस्मानपुऱ्यात आमच्या गच्चीवर जुन्या चादरीवर सुटं पडलंय. सिलिंडर बोअर करून आणला. पिस्टन, रिंगा, क्रँकचे बेअरिंग, ऑइल सील सगळं नवं. जुनं उरलं ते केसिंग आणि त्यावर ठोकलेला नंबर. बायको म्हणाली, “अहो, मग यात अण्णांचं काय राहिलं?”

मी मिलिंद महाविद्यालयाचा. बाबासाहेबांनी ते १९५०मध्ये सुरू केलं. नाव मिलिंद राजाचं, परिसर नागसेनवन. भिक्खू नागसेनाने त्या राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? प्रत्येकाला नाही म्हणत गेल्यावर ‘रथ’ हे फक्त जुळणीचं नाव उरलं. पालीच्या पेपरात हे मी घोकून लिहिलं. कळलं काडीचं नव्हतं.

आरटीओला हा प्रश्न पडत नाही. नंबर जुळला की गाडी तीच!

माझं अडलंय एका रबरावर. येझदीत गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होतो. त्याच्या रबरात अण्णांच्या चपलेने पाडलेला खड्डा आहे. नवं रबर आणलंय. काल दोनदा बसवलं, दोनदा काढलं.