निवडलेला उजेड आणि चेहऱ्याचे सत्य

स्टुडिओत काढलेले व्यक्तिचित्र खरे मानावे का, हा प्रश्न प्रकाशयोजना शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच धड्यात उभा राहतो. माणूस तोच, खुर्ची तीच, कॅमेराही तोच. पण दिवा हातभर सरकवला की तोच चेहरा थकलेला, करारी किंवा प्रसन्न दिसू लागतो. यांतला खरा कोणता, हे तंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी तत्त्वविचाराकडे वळावे लागते.

मुख्य दिवा, म्हणजे की लाइट, साधारणपणे चेहऱ्याच्या एका बाजूला 45 अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवतात. पलीकडच्या गालावर उजेडाचा लहान त्रिकोण उमटला, तर त्या रचनेला 17व्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या नावाने ओळखतात. दिवा समोरून आला की सुरकुत्या दबतात, बाजूने आला की उठून दिसतात. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावल्यास उजेडाचा उगम मोठा होतो आणि सावलीच्या कडा मऊ पडतात. उघड्या दिव्याचे अंतर दुप्पट केले, तर चेहऱ्यावर पोचणारा उजेड एक चतुर्थांश उरतो.

यंत्र तरी निःपक्षपाती असते, हा समजही फार काळ टिकत नाही. फैजपूर परिसरातील केळीच्या बागेत उन्हातान्हात राबलेला, पांढरी टोपी घातलेला शेतकरी फोटोसाठी बसला, अशी कल्पना करावी. कॅमेऱ्याचा मीटर समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या छटेची धरून चालतो. माप टोपीवर घेतले तर टोपी मळकट आणि चेहरा काळाठिक्कर येतो; चेहऱ्यावर घेतले तर रापलेली कातडी फिकी पडते आणि टोपीचा पोत पार उडून जातो. विद्यार्थी दिव्याचे तोंड किंचित खाली वळवतो, सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरतो, तेव्हा कुठे दोन्ही आपापल्या रंगात दिसतात. म्हणजे चेहरा आहे तसा दाखवायलाही उजेडाची मांडणी करावीच लागते.

तरीही या मांडणीवर गंभीर आक्षेप घेता येतो. सेवाग्रामात कनू गांधी यांना महात्मा गांधींनी छायाचित्रे काढू दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही आणि आश्रम खर्च देणार नाही. सत्य जसे घडते तसे पाहावे, त्यात ढवळाढवळ करू नये, अशी भूमिका या अटींतून दिसते. मात्र डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले, तेव्हा गांधीजींनीच चित्रकार नंदलाल बोस यांना अधिवेशननगरीच्या सजावटीसाठी बोलावले होते. बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साहित्यातून ती उभी राहिली. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की दिसते, आक्षेप रचनेला असण्याचे कारण नाही. माणसावर लादलेल्या आणि त्याच्या जगण्याशी विसंगत असलेल्या रचनेला तो आहे.

याच्या मुळाशी एक तात्त्विक भेद आहे. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’तील नाटकदीप प्रकरणात साक्षी चैतन्याला रंगभूमीवरील दिव्याची उपमा दिली आहे. तो दिवा यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी यांना सारखाच उजळतो आणि सगळे निघून गेले तरी तेवत राहतो. साक्षीचा प्रकाश निवड करत नाही. स्टुडिओतला प्रकाश मात्र निवडूनच पडतो: कपाळ घेतो, हनुवटी सोडतो, एक डोळा जिवंत करतो. निवड आली की कर्तेपण आले आणि कर्तेपणाबरोबर जबाबदारीही आली. म्हणून ‘कॅमेऱ्याने दाखवले’ असे म्हणून छायाचित्रकाराला मोकळे होता येत नाही.

भारतीय चित्रविचाराने ही निवड दोषास्पद मानलेली नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र छायांकनाला ‘वर्तना’ म्हणते आणि तिचे तीन प्रकार सांगते. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार वर्तनेची, आणि सामान्य लोकांना रंगांची रेलचेल आवडते, असेही त्यात म्हटले आहे. छाया घालणे हे तिथे खोटेपण नाही. रूपाला उठाव देण्याचे ते साधन आहे.

साधन आणि फसवणूक यांच्यातली सीमा मागणीच्या वेळी कळते. स्थळाकडे पाठवायच्या फोटोत मुलीला गोरी करून द्या, असे कुणी सांगते. उजेड मऊ करून तिच्या वर्णाचे तेज दाखवणे ही कला आहे. वर्णच बदलणे हा तिचा अपमान आहे आणि समोरच्या घराची दिशाभूलही. गेलेल्या वडिलांचा फोटो हार घालून भिंतीवर लावला जातो, तेव्हा जबाबदारी आणखी वाढते. घरची पुढची पिढी त्या माणसाला त्याच एका चेहऱ्याने ओळखणार असते. त्याच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या, तर त्याच्या कष्टांची खूणही पुसली जाते.

म्हणून व्यक्तिचित्राच्या सत्याच्या तीन कसोट्या मानाव्यात. बसलेल्या माणसाची संमती असावी. त्याला रोज पाहणाऱ्यांना तो त्यात ओळखू यावा. आणि कोणतीही छटा त्याला कमी लेखून किंवा इतरांना फसवून आलेली नसावी. या तिन्हींना उतरलेले व्यक्तिचित्र कितीही दिवे लावून काढले असले, तरी ते खरेच मानले पाहिजे.