भाकर मोडणे थांबते तेव्हा



आपसांत फूट पडलेले घर टिकत नाही, हे प्रभू येशूचे वचन (मार्क ३:२५) आपल्या परिचयाचे आहे. १८५८ साली अब्राहम लिंकन यांनी याच वचनाच्या आधारे अमेरिकेला इशारा दिला. अर्धा देश गुलामगिरीचा, अर्धा तिच्याविरुद्ध! एप्रिल १८६१ मध्ये तोफा धडाडल्या, आणि चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक प्राणांस मुकले.

राजकीय मतभेद प्रत्येक राष्ट्रात असतात. मग सर्वत्र युद्ध का पेटत नाही? अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्ष फुटला १८६० साली. राज्ये फुटली त्यानंतर. मंडळी मात्र पंधरा वर्षे आधीच फुटली होती. १८४४ साली बिशप अँड्र्यू यांच्या घरी गुलाम असल्यावरून मेथडिस्टांत तट पडले. पुढल्याच वर्षी, गुलाम बाळगणाऱ्यास मिशनरी नेमावे की नाही, या वादातून दक्षिणेकडील बाप्टिस्ट वेगळे झाले. १८५० साली कॅल्हून यांनी (ते स्वतः गुलामगिरीचे कैवारी होते, हे विसरू नये) सिनेटला बजावले की, राज्यांना बांधणाऱ्या दोऱ्यांपैकी मंडळ्यांच्या दोऱ्या तुटत आहेत. सर्व तुटल्या म्हणजे बळाखेरीज काहीच उरणार नाही. ज्याच्याबरोबर आपण भाकर मोडीत नाही, त्याचे रडणे आपल्या कानी येत नाही. त्याच्यावर बंदूक रोखणे मग सोपे होते.

तर मग ऐक्यासाठी मंडळीने मौन पाळावयास हवे होते काय? मौनच तर पाळले होते! १७८४ साली मेथडिस्टांनी नियम केला की, सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत. वर्षभरातच तो स्थगित झाला, कारण दुखावणारे लोक वजनदार होते. यिर्मया संदेष्टा अशाच वरवर बांधलेल्या जखमेविषयी बोलतो (यिर्मया ६:१४). साठ वर्षे ती आत चिघळली. ज्याच्या पाठीवर ती होती, त्याला कोणी विचारले नाही.

आपल्याही मंडळ्यांत निवडणुकीचे तट पडतात. तटांच्या मुळाशी असलेल्या जातीचे नाव मात्र 'शांती राहावी' म्हणून कोणी घेत नाही. उपासना संपल्यावर कोण कोणाशी बोलत नाही, हे आपणांस ठाऊक आहे.

मेथडिस्टांच्या दुभंगलेल्या शाखा १९३९ साली पुन्हा एक झाल्या. त्याच करारान्वये काळ्या बांधवांच्या बहुतेक मंडळ्या एका निराळ्या विभागात ठेवण्यात आल्या. तो विभाग १९६८ साली रद्द झाला.