आगटीभोवतीची रिकामी जागा



नाताळचे दिवस सरतात आणि आपल्या जालना जिल्ह्याच्या शिवारात रब्बी ज्वारीची कणसे भरू लागतात. दाणा हिरवा, मऊ आणि गोड असतो तो थोडेच दिवस. मग तो पिठाळतो, टणक होतो आणि हुरडा संपतो. म्हणून बदनापूर असो की परतूर, अंबड असो की मंठा, या दिवसांत सकाळच्या गारठ्यात शेताशेतांत आगटी पेटते.

आगटी हे घाईचे काम नाही, हे आपणांस कोणी शिकवायला नको. वारा लागू नये म्हणून खड्डा करायचा, गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या आणि थांबायचे. जाळ असताना कणीस टाकले तर ते वरून करपते आणि आत कच्चे राहते. गोवऱ्या लाल होऊन त्यांवर राख धरली, की मग त्या फुफाट्यात कणसे खुपसायची. गार वाऱ्यात उघडा निखारा लवकर विझतो. राखेखालचा मात्र तग धरतो. कणीस गरम असतानाच चोळायचे. चोळणाऱ्याचे हात भाजतात आणि पहिली मूठ दुसऱ्याच्या हातावर पडते!

ही भाजलेली कणसे पवित्र शास्त्रालाही अनोळखी नाहीत. नव्या पिकाची कोवळी कणसे विस्तवावर भाजून देवाला अर्पण करावीत, असे लेवीयच्या पुस्तकात सांगितले आहे (२:१४). परक्या देशातून आलेली विधवा रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचत होती. जेवणाच्या वेळी बवाजने तिला आपल्या माणसांत बसवून भाजलेले धान्य दिले. ती पोटभर जेवली आणि तिच्यापाशी काही उरलेही (रूथ २:१४).

संत योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचे दोन विस्तव आहेत. पहिला प्रमुख याजकाच्या अंगणात. रात्र थंडीची होती, नोकर आणि शिपाई शेकत उभे होते आणि पेत्रही त्यांच्यात उभा राहून शेकत होता (१८:१८). त्या रात्री त्याने आपल्या प्रभूला तीन वेळा नाकारले. अंगाला ऊब मिळाली, पण मन गारठून गेले. दुसरा विस्तव तिबिर्या समुद्राच्या काठावर, पुनरुत्थानानंतर (२१:९). तो येशूने स्वतः पेटवला होता. त्यावर मासळी होती, भाकर होती. तरीही शिष्यांनी धरलेल्या मासळीतून काही आणा, असे त्याने सांगितले. पेत्राला त्याने आधी जाब विचारला नाही. आधी न्याहारी दिली. मग तीन नकारांसाठी तीन वेळा प्रेमाचा प्रश्न केला आणि कळप त्याच्या हाती सोपवला.

बंधुभगिनींनो, आपण आगटीभोवती बसतो तेव्हा कोणाची जागा रिकामी असते? ऊसतोडीला गेलेले आपल्या भागातील कितीतरी लोक या थंडीत फडाजवळच्या कोपीत राहतात. कोणी रात्रीच्या विजेची वाट पाहत पिकाला पाणी द्यायला शेतात जागत असतो. पण एक जागा अशीही असते, की जी आपणच रिकामी ठेवलेली असते. हातभर बांधासाठी, वाटणीसाठी, लग्नातल्या एका शब्दासाठी सख्खा भाऊ शेजारच्या शेतात एकटा शेकत बसतो. त्याचा धूर आपल्याला दिसतो आणि आपण तोंड फिरवतो.

एक काळजीची सूचनाही येथेच करतो. थंडी वाढली म्हणून निखाऱ्याची शेगडी घरात घेऊन, दारे-खिडक्या लावून कृपया झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही; झोपेतच माणूस दगावतो. जो विस्तव उघड्यावर दहाजणांना ऊब देतो, तोच कोंडला की जीव घेतो. मनात कोंडलेल्या रागाचेही असेच आहे. तो दिसत नाही, त्याचा वास येत नाही, आणि घरातल्या लेकराबाळांनाही तो बाधतो.

तर या आठवड्यात आपण एक काम करू या. हुरड्याला बसण्यापूर्वी त्या एका घरी जाऊ या. हिशोब नको, जुने कागद नकोत. “चल, आगटी पेटलीय,” एवढेच म्हणू या. तो येणार नाही कदाचित. तरी पहिली मूठ त्याच्या नावाने बाजूला ठेवू या आणि पुन्हा बोलवू या. दाणा कोवळा असतो तो थोडेच दिवस. आपल्या आयुष्याचे दिवसही मोजकेच आहेत. मग येत्या रविवारी मिस्साबलिदानात शांतीचा हात पुढे करताना आपला हात अवघडणार नाही.

हे प्रभो, काठावर विस्तव पेटवून तू आमची वाट पाहतोस. आमच्या राखेखालचा निखारा विझू देऊ नकोस. आमेन.