मास्तर, आता भ्या कुणाचं?

एक प्रश्न मांडतो. आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेला माणूस सरकारच्या शिक्षण मंडळावर जाऊन बसतो. मुलांनी काय शिकायचं, कुणाचा इतिहास पुस्तकात घ्यायचा, कुणाचा गाळायचा, हे तिथं ठरतं. त्याच्यापुढं दोन बाजू येतात. एक म्हणते, आमच्यावर जे गुदरलं ते लिहा. दुसरी म्हणते, ते लिहिलं की आमच्या पोरांना मान खाली घालावी लागते. खुर्चीवरचा माणूस सज्जन आहे. त्याला कुणाचंच वाईट करायचं नाही. तो दोघांचं ऐकतो, दोघांना अर्धी अर्धी भाकर देतो आणि समाधानानं घरी जातो. त्यानं न्याय केला का?

आपली तरणी पोरं चटकन म्हणतील, मंडळं-बिंडळं सगळी प्रस्थापितांची, तिथं न्याय कसला शोधता? असं म्हणून टाळी मिळते, प्रश्न सुटत नाही. कारण त्याच मंडळानं मंजूर केलेलं पुस्तक उद्या तुमच्या पोरीच्या दप्तरात येणार आहे. तुम्ही मंडळाला मानत नसाल, पोरीला मात्र परीक्षेत तेच लिहावं लागतं.

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तो दोनदा उभा राहिला, आणि दोन्ही वेळा आपली माणसं तिथं हजर होती. त्या राज्याचं शिक्षण मंडळ अकरा जणांचं. नेमणूक गव्हर्नर करतो. अकरातला एक हायस्कूलचा विद्यार्थी असतो आणि त्यालाही मत असतं. बालवर्गापासून आठवीपर्यंतची पुस्तकं हे मंडळ मंजूर करतं. राज्याच्या सरकारी शाळांत साठ लाखांच्या आसपास मुलं. सहावीत त्यांना प्राचीन संस्कृती शिकवतात, त्यात भारत येतो. भारत आला की जात येते, आणि जात आली की भांडण येतं. सातासमुद्रापलीकडं गेलं तरी!

२००५ साली पुस्तकं नव्यानं मंजूर व्हायची होती. वेदिक फाउंडेशन आणि हिंदू एज्युकेशन फाउंडेशन या संघटनांनी दुरुस्त्यांची यादी दिली. त्यातली एक ध्यानात ठेवा. प्राचीन भारतात पुरुषांना बायकांपेक्षा बरेच जास्त हक्क होते, अशा अर्थाचं वाक्य एका पुस्तकात होतं. दुरुस्ती अशी की पुरुषांची कर्तव्यं आणि हक्क बायकांहून वेगळे होते असं म्हणा. ‘जास्त’ काढा, ‘वेगळे’ घाला. एवढंच! एका शब्दात अन्याय पुसला जातो आणि वाक्य व्याकरणानं शुद्ध राहतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे कळायला पंडित लागत नाही. आमचा पाणवठा पण ‘वेगळा’च होता ना?

तेव्हा संस्कृतचे अभ्यासक मायकेल विट्झेल आणि इतर विद्वानांनी हरकत घेतली. दलित संघटनांनीही आपलं म्हणणं मंडळापुढं मांडलं. मार्च २००६ मध्ये मंडळानं वादातल्या बहुतेक दुरुस्त्या नाकारल्या. प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर २००६ मध्ये सॅक्रामेंटोच्या कोर्टानं सांगितलं की मंडळाची कामाची रीत कायद्याला धरून नव्हती, पण पुस्तकं तशीच राहतील.

दहा वर्षांनी पुन्हा तेच. २०१६ साली इतिहास आणि समाजशास्त्राचा नवा आराखडा करायचा होता. मंडळाचे अध्यक्ष होते मायकेल कर्स्ट, स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक. सत्तरच्या दशकातही ते याच मंडळाचे अध्यक्ष होते. २०१९ साली त्यांच्या जागी आलेल्या लिंडा डार्लिंग-हॅमंड याही स्टॅनफर्डच्याच निवृत्त प्राध्यापिका. म्हणजे ज्या माणसाबद्दल मी विचारतो आहे, तो तिथं थेट अध्यक्षाच्या खुर्चीवर होता. या दोघांवर मला ठपका ठेवायचा नाही. मला त्या खुर्चीकडं बघायचं आहे.

त्या वेळी एका बाजूला हिंदू संघटना आणि शेकडो पालक. दुसऱ्या बाजूला दलित, शीख, मुसलमान आणि काही अभ्यासक एकत्र आले होते. काही ठिकाणी ‘भारत’ म्हणायचं की ‘दक्षिण आशिया’, यावर खूप आरडाओरड झाली. आपल्या माणसांना भीती वेगळीच होती. जात आणि धर्म यांचा सांधा तोडला जाईल, ‘दलित’ हा शब्दच पुस्तकातून जाईल, ही ती भीती. १४ जुलै २०१६ ला मंडळानं आराखडा मंजूर केला. बहुतेक ठिकाणी ‘भारत’ राहिला. जातीबद्दल त्यात दोन गोष्टी आल्या. जात ही सामाजिक, सांस्कृतिक रचना आहे आणि धार्मिक श्रद्धाही आहे, हे शिक्षकांनी मुलांना स्पष्ट करावं, ही एक. आणि आज भारतात आणि अमेरिकेत बरेच हिंदू स्वतःला कुठल्या जातीचे मानत नाहीत, ही दुसरी.

बघा, एक आमच्यासाठी, एक त्यांच्यासाठी. तराजू कसा अगदी सरळ! पण ती दुसरी गोष्ट जरा हातात घेऊन बघा. मी जात मानत नाही, असं कोण म्हणू शकतो? ज्याला जातीनं घर मिळालं, जमीन मिळाली, शाळा मिळाली, विमानाचं तिकीट मिळालं, तो ती अंगरख्यासारखी काढून खुंटीला लावू शकतो. आपला माणूस ती काढू शकत नाही. फार तर लपवू शकतो. आडनाव बदलतो, गावाचं नाव सांगताना अडखळतो, जेवायला बोलावलं की टाळतो. एकाचं न मानणं आणि दुसऱ्याचं लपवणं एकाच वाक्यात घातलं, तर वाक्य खोटं नसतं. अपुरं असतं. आणि पुस्तकात अपुरं वाक्य खोट्यापेक्षा जास्त टिकतं, कारण त्याला कुणी खोटं ठरवू शकत नाही.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकू. त्यांचं न ऐकता निकाल देणं ही आपली रीत नव्हे. हिंदू पालक म्हणत होते की वर्गात जातीचा धडा आला की इतर पोरं आमच्या मुलाला विचारतात, तू कुठल्या जातीचा? तुमच्यात माणसाला शिवत नाहीत का? अकरा-बारा वर्षांचं पोर, परक्या देशात, रंगानं वेगळं. त्याला रडू येत असेल. हे दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. वर्गात मान खाली घालून बसणं काय असतं, हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायला नको.

पण लाज दोन प्रकारची असते. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत होतो. एका गावात इतिहासाच्या तासाला महाडचा सत्याग्रह आला. २० मार्च १९२७, चवदार तळं. मी वाचत होतो आणि वर्गातली पोरं एकेक करून मागं वळून शेवटच्या रांगेतल्या एका मुलाकडं बघत होती. त्या पोरानं मान खाली घातली. मी पुस्तक मिटलं आणि वर्गाला विचारलं, "पाणी अडवलं कुणी? आणि प्यायलं कुणी? मग मान कुणाची खाली जायला पाहिजे?" वर्ग गप्प. मग पुढच्या रांगेतला पाटलाचा पोरगा हळूच म्हणाला, "गुर्जी, अडवणाऱ्यांची. पण अडवलं तवा मी न्हवतो." मी म्हणालो, "बरोबर. तू नव्हतास. म्हणून तुला लाज वाटायचं कारण नाही. पुन्हा अडवलं तर मात्र वाटायला पाहिजे." मुख्याध्यापकांनी नंतर बोलावून सांगितलं, धडा नुसता वाचून दाखवत चला, चर्चा नको. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. कारण कुणी लिहून दिलं नाही.

त्या पाटलाच्या पोराला जे कळलं, तेच मंडळापुढं सांगायला पाहिजे. धडा गाळून लाज जात नाही. धडा नीट शिकवून जाते. जातीबरोबर जातीविरुद्ध लढलेली माणसं शिकवा. बुद्ध शिकवा, कबीर, रविदास शिकवा, जोतीराव-सावित्रीबाई शिकवा, बाबासाहेब शिकवा. मग कुठल्याही घरच्या पोराला कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे निवडता येतं. धडा गाळला, तर एका पोराची लाज झाकली जाते आणि त्याच वर्गात जात लपवून बसलेल्या दुसऱ्या पोराला कळतं की आपण पुस्तकातसुद्धा नाही.

म्हणून तो सरळ दिसणारा तराजू मला मंजूर नाही. सुनावणीत दोघांना बोलायला सारखीच मोजकी मिनिटं मिळतात. पण त्या मिनिटांची किंमत सारखी नसते. एक बाप उठून सांगतो, माझ्या मुलाला वाईट वाटलं, आणि आपल्या माणसांत परत जाऊन बसतो. दुसरा उठतो आणि म्हणतो, मी दलित आहे. जे इतकी वर्षं शेजाऱ्यापासून, कचेरीतल्या सोबत्यापासून लपवलं, ते त्याला भर सभेत सांगावं लागतं, तेव्हा कुठं त्याची साक्ष सुरू होते. मंडळावरच्या माणसानं घड्याळाबरोबर हेही मोजलं पाहिजे. ते मोजलं नाही, तर त्याची निःपक्षपाती बुद्धी आपोआप बलवानाच्या पक्षात जाते. त्याच्या मनात पाप नसलं तरी जाते.

आता निवृत्तीकडं येतो. नोकरीतला मास्तर गप्प बसतो, तेव्हा मी त्याला फार बोल लावत नाही. गोपनीय अहवाल असतो, बदली असते, वेतनवाढ अडते, घरात म्हातारी आजारी असते. पोट कुणाला चुकलंय? पण निवृत्त माणसाचं काय? त्याची बदली कुठं करणार? त्याचा गोपनीय अहवाल कोण लिहिणार? मंडळात वेगळं मत दिलं म्हणून पेन्शन बंद होत नाही. तीस-पस्तीस वर्षं ज्या कारणानं तो गप्प होता, ते कारणच संपलं. निवृत्ती म्हणजे नुसता आराम नव्हे. गप्प बसायची सबब सरकारनं त्या दिवशी काढून घेतलेली असते.

तरी माणूस गप्प का राहतो? मी जवळून बघितलं आहे. भ्या जातं आणि त्याच्या जागी लोभ येतो. पुन्हा नेमणूक व्हावी, कुठल्या तरी समितीच्या पत्रावर नाव यावं, शाल-नारळ मिळावा, साहेबानं "सर, या" म्हणावं. लोभ मोठा नसतो हो, चहा-बिस्किटाएवढा असतो. पण त्यापायी धडे जातात. मंडळ सॅक्रामेंटोचं असो, पुण्याचं असो, समिती बालभारतीची असो, ही परीक्षा त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक निवृत्त मास्तरला द्यावी लागते. आपल्या समाजातून गेलेल्या मास्तरला तर दुप्पट. त्याला तिथं नेतात, तेव्हा त्याच्या तोंडाची गरज असतेच असं नाही. पुष्कळदा नुसत्या सहीची असते. उद्या आपण ओरडलो की सांगता येतं, तुमचाच माणूस होता की बैठकीत!

मग खुर्ची घ्यावी की लाथाडावी? आपल्या घरातच दाखले आहेत. १८८२ साली हंटर कमिशन आलं. जोतीरावांना कुणी त्या कमिशनावर बसवलं नव्हतं. त्यांनी बाहेरून लेखी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, महार-मांगांच्या मुलांना शाळांतून बाहेर ठेवलं जातं, त्यांची सोय करा, असं त्यांनी मांडलं. हा बाहेरून लढायचा रस्ता. बाबासाहेब आत गेले. सायमन कमिशनबरोबर काम करायला मुंबई कौन्सिलनं समिती केली, तिच्यावर ते बसले. लोकांनी नावं ठेवली. पण मे १९२९ मध्ये समितीचा अहवाल पटला नाही, तेव्हा त्यांनी त्याच्याखाली सही केली नाही. स्वतःचा वेगळा अहवाल लिहून दिला. आणि १९५१ साली कायदामंत्रिपदाची खुर्ची त्यांनी सोडून दिली. हे तिन्ही रस्ते आपले आहेत: निवेदन, भिन्नमतपत्रिका, राजीनामा. चौथा रस्ता, म्हणजे सगळं कळूनही सही करून प्रवासभत्ता घेऊन घरी येणं, तो मात्र आपला नाही.

म्हणून माझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. अर्धी अर्धी भाकर वाटणाऱ्या त्या सज्जन माणसानं न्याय केला नाही. त्यानं शांतता राखली. भुकेल्याला आणि जेवून आलेल्याला सारखं वाटणं हा हिशेब झाला, न्याय नव्हे. आणि ज्यानं उभी हयात वर्गात पोरांचे चेहरे वाचले, त्याला हा फरक कळला नाही, हे मी मानणार नाही. कळतो. फक्त कळलेलं कागदावर येत नाही.

ते यावं म्हणून काम तुम्हाला करायचं आहे, मित्रांनो. मोर्चा काढा, जरूर काढा. पण घोषणा मंडळाच्या इतिवृत्तात येत नाही, दुरुस्तीचा कागद येतो. कॅलिफोर्नियातलं भांडण शेवटी एकेका शब्दावर लढलं गेलं. पुस्तक हातात घ्या. पान लिहा, ओळ लिहा, काय चुकलं ते लिहा आणि त्या जागी कुठलं वाक्य हवं तेही लिहून द्या. तुमच्या वस्तीतला एखादा निवृत्त मास्तर अशा समितीवर असेल, तर त्याच्या सत्काराची वर्गणी गोळा करू नका. त्याच्या घरी जा. मागच्या बैठकीत काय ठरलं, तुम्ही काय बोललात, लिहून काय दिलंत, असं आदरानं पण सोडू नका अशा बेतानं विचारा. आणि तो कामाला लागला, तर कागद लिहायला दोन पोरं त्याच्या शेजारी बसवा. एकट्या माणसाची भिन्नमतपत्रिका फायलीत दबून जाते. मागं माणसं उभी आहेत हे दिसलं, की ती वाचावी लागते.

जय भीम.